दायमाबादची चार ब्राँझ शिल्पे : वय मातीने सांगायचे की धातूने?

अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या तीरावर, दायमाबाद नावाच्या ओसाड गावाची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचे टेकाड, आहे. १९७४ साली छबू लक्ष्मण भिल हे तिथले एक शेतकरी झुडूप तोडण्यासाठी त्याच्या बुडाशी खणत असताना त्यांना धातूच्या चार जड वस्तू लागल्या. दोन बैल जुंपलेली एक गाडी, एक हत्ती, एक गेंडा आणि एक रेडा. चारही वस्तू भरीव ओतकामाच्या होत्या आणि त्यांचे एकत्रित वजन साठ किलोच्या वर भरले. दख्खनच्या प्रागैतिहासिक स्थळांवर तांबे सापडते ते बहुधा एखादी चपटी कुऱ्हाड, बांगडी, मणी किंवा मासे धरण्याचा गळ अशा रूपात. तेव्हा एका झुडपाच्या मुळाशी एवढा धातू एकत्र मिळणे ही गोष्ट पुरातत्त्वाच्या वर्तुळात खळबळ उडवणारी ठरली, यात नवल नाही.

वादाची सुरुवात मात्र शोधाच्या आनंदातच दडलेली होती. वस्तू खऱ्या आहेत की कोणी अलीकडे घडवून पुरल्या, असा संशय या प्रकरणात गंभीरपणे कोणी घेतलेला नाही. प्रश्न असा आहे की ज्या काळाचे म्हणून आपण त्यांना ओळखतो, त्या काळाच्या त्या आहेत का. प्राचीन वस्तूंच्या बाबतीत ‘अस्सल’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. दोन हजार वर्षांपूर्वीची वस्तू चार हजार वर्षांपूर्वीची म्हणून दाखवली, तर ती बनावट ठरत नाही. पण तिच्याबरोबर जोडलेले विधान बनावटच असते, मग ते कितीही प्रामाणिक हेतूने केलेले असो.

दायमाबाद हे स्थळ पुरातत्त्वज्ञांना या शोधाच्या आधीपासून माहीत होते. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ते नोंदवले, १९५८-५९ मध्ये एम. एन. देशपांडे यांनी तिथे पहिले उत्खनन केले, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी, आणि १९७५-७६ ते १९७८-७९ या काळात एस. ए. साळी यांनी. राव म्हणजे लोथलचे उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ. हडप्पा संस्कृतीच्या दक्षिणेकडील विस्ताराबद्दल त्यांना विशेष आस्था असणे स्वाभाविक होते. साळींच्या उत्खननातून एकावर एक अशा पाच वसाहतींचा क्रम लागला : सर्वांत खाली सावळदा, त्यावर उत्तर हडप्पा (म्हणजे उत्तरकालीन, हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली), मग स्थळाच्याच नावाने ओळखली जाणारी दायमाबाद संस्कृती (सुमारे इ.स.पू. १८०० ते १६००), त्यानंतर माळवा (इ.स.पू. १६०० ते १४००) आणि शेवटी जोर्वे (इ.स.पू. १४०० ते १०००). जोर्वे हे नाव त्याच प्रवरेच्या काठी, वरच्या अंगाला संगमनेरजवळ असलेल्या गावावरून आलेले आहे. एकाच नदीने आपल्या काठच्या दोन गावांची नावे दोन प्रागैतिहासिक संस्कृतींना दिली, ही गोष्ट नेवाशाला ज्ञानेश्वरीसाठी जाणाऱ्या माणसाला सहसा ठाऊक नसते.

उत्तर हडप्पा थर हा या प्रकरणाचा कणा आहे. तिथे हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या भाजक्या मातीच्या मुद्रा आणि चिन्हांकित खापरे मिळाली, आणि ४:२:१ या हडप्पा प्रमाणातल्या कच्च्या विटांनी बांधलेल्या खड्ड्यातले एक दफनही मिळाले. म्हणजे इतक्या दक्षिणेला, गोदावरीच्या खोऱ्यात, हडप्पा परंपरेतली माणसे किंवा निदान त्यांचे संस्कार पोचले होते, ही गोष्ट त्या चार शिल्पांवर अवलंबून नाही. ती स्वतंत्रपणे सिद्ध होते. पण नेमक्या याच कारणाने शिल्पे हडप्पाकालीन मानण्याचा मोहही बळावतो.

आता वस्तूंकडे पाहू. गाडी सर्वांत बोलकी. ती सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि १६ सेंटिमीटर रुंद आहे. लांब दांडी, तिच्या टोकाशी दोन बैल, भरीव चाके, आणि मागे उभा असलेला सुमारे १६ सेंटिमीटर उंचीचा नग्न पुरुष, ज्याच्या हातात टोकाशी वाकलेली काठी आहे. बैल आणि गाडीवान यांच्या मधोमध, दांडीवर, एक कुत्रा उभा आहे. शिल्प ज्याने घडवले त्याने गाडीवर पुढे उडी मारून बसणारा कुत्रा रोज पाहिलेला असावा, असे त्याकडे बघताना वाटत राहते. ही कलाकृती राजदरबारापेक्षा शेताच्या बांधाजवळची आहे. गाडीवानाच्या जननेंद्रियाभोवती नागाचे चार फणे दाखवले आहेत, आणि त्यावरून काही अभ्यासकांनी त्याचा संबंध पशुपतीशी जोडला. मोहेंजोदडोच्या प्रसिद्ध मुद्रेवर आसनस्थ आकृतीभोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा आहेत. दायमाबादला वाघ वगळता उरलेले तिघेही मिळाले. योगायोग म्हणावा तर मोठा, पुरावा म्हणावा तर अपुरा.

लोक या गाडीला ‘रथ’ म्हणतात, आणि एकदा रथ म्हटले की तिच्यामागे धर्म, युद्ध आणि राजा आपोआप उभे राहतात. प्रवराकाठच्या शेतकऱ्याला दाखवली तर तो तिला छकडा म्हणेल. शर्यतीच्या छकड्यावर हाकणारा आजही उभाच असतो. २०१८ मध्ये उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यातल्या सिनौलीला भरीव चाकांची वाहने दफनांत मिळाली, तेव्हाही ‘रथ की बैलगाडी’ हा वाद पेटला होता. नाव ठेवण्यातच निम्मा निष्कर्ष काढून झालेला असतो.

तीन प्राणी गाडीपेक्षा वेगळ्या जातीचे आहेत. हत्ती सुमारे २५ सेंटिमीटर उंच असून त्याच्याबरोबर ओतलेल्या सुमारे २७ सेंटिमीटर लांबीच्या बैठकीवर उभा आहे. गेंडा सुमारे १९ सेंटिमीटर उंच, आणि रेडा सुमारे ३१ सेंटिमीटर. गेंडा आणि रेडा चाकांवर आहेत. हत्तीच्या बैठकीत आस बसवण्याची सोय आहे, पण आस आणि चाके नाहीत. म्हणजे तिन्ही प्राणी ओढत नेण्यासाठी बनवले होते. विदर्भात तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी चाकांवर ओढत नेतात, तो देखावा इथे हटकून आठवतो. ते आठवणे सुखद आहे, पण त्या दोन गोष्टींच्या मध्ये किमान दोन हजार, कदाचित चार हजार वर्षांचे अंतर आहे आणि मधला एकही दुवा हातात नाही. संशोधनात अशा आठवणींना पाहुण्यांसारखे वागवावे. पाणी द्यावे, पण घराच्या किल्ल्या देऊ नयेत.

देशपांडे, राव आणि साळी या तिघांनीही, म्हणजे त्या स्थळावर प्रत्यक्ष फावडे चालवलेल्या तिघांनी, शिल्पे उत्तर हडप्पा काळातली मानली. त्यांचा आधार परिस्थितिजन्य पुरावा होता. स्थळावर उत्तर हडप्पा वसाहत आहे, वस्तूंचे विषय सिंधू मुद्रांवरच्या प्राण्यांशी जुळतात, भरीव चाकांची गाडी हडप्पा जगाच्या ओळखीची आहे, आणि त्या जगात धातूच्या गाड्या अपरिचित नाहीत. हडप्पा आणि चान्हुदडो येथे ब्राँझच्या छोट्या गाड्या मिळाल्या आहेत. गेंडा हा दख्खनच्या नंतरच्या कलेत फारसा रमलेला प्राणी नाही, तर सिंधू मुद्रांवर तो वारंवार येतो. शिवाय साळींनी लावलेल्या वसाहतक्रमात जोर्वेनंतर काही नाही. इ.स.पू. १००० च्या सुमारास माणसे हलली आणि पांढर ओसाड झाली, तर सातवाहन काळात किंवा त्यानंतर साठ किलो धातू तिथे आणून पुरायला कोण आले, असा रास्त प्रश्न उरतो.

हे सगळे ऐकायला भक्कम वाटते. पण यातला एकही मुद्दा शिल्पांच्या खालच्या किंवा वरच्या मातीवर उभा नाही. खोदणाऱ्याचा त्यात काडीइतकाही दोष नाही. झुडूप उपटताना कोणी स्तरांचे आलेख काढत नसतो. पण पुरातत्त्वात वस्तूचे वय तिच्याभोवतीच्या मातीत लिहिलेले असते, आणि तो लेख फावड्याच्या पहिल्या फटक्यांतच पुसला जातो. केवळ खोली मोजून काही हाती लागत नाही. जुन्या वाड्यात धान्याचे पेव असते. आजोबांनी खणलेले ते पेव खाली शंभर-दोनशे वर्षांच्या जुन्या थरांना भेदून गेलेले असते. पेवाच्या तळाशी मिळालेली ज्वारी भोवतीच्या मातीइतकी जुनी नसते; ती पेवाच्या तोंडाइतकीच नवी असते. शिल्पे पुरण्यासाठी खणलेल्या खड्ड्याचे तोंड कोणत्या थरातून सुरू होत होते, एवढी एकच गोष्ट निर्विवाद नोंदली गेली असती तर पुढचा वाद उद्भवलाच नसता.

वादाला धार आली ती पुरातत्त्वशास्त्रज्ञ डी. पी. अगरवाल यांनी केलेल्या धातूच्या विश्लेषणाने. त्यांच्या मते शिल्पांच्या धातूत आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक होते, आणि ताम्रपाषाणयुगातल्या, म्हणजे दगडाबरोबर तांबेही वापरण्याच्या काळातल्या, इतर कोणत्याही वस्तूत आर्सेनिकची अशी मिसळ आढळलेली नव्हती. त्यावरून त्यांनी शिल्पे ऐतिहासिक काळातली, म्हणजे लेखी पुरावे मिळू लागल्यानंतरची, असू शकतील असा निष्कर्ष काढला. तांब्यात आर्सेनिक मिसळले की धातू कठीण होतो आणि ओतकामात हवेचे बुडबुडे कमी राहतात, म्हणून कथील हाती येण्यापूर्वी जगाच्या अनेक भागांत ओतारी हीच मिसळ वापरत. ती मुद्दाम करता येते, किंवा मूळ खनिजातच आर्सेनिक असले तर आपसूकही होते. अगरवाल यांच्या मुद्द्याची ताकद ही की तो मताचा नव्हता, मोजमापाचा होता. मुद्रेवरच्या वाघाबद्दल कोणाला काय वाटते यावर तो अवलंबून नव्हता. स्थळाच्या प्रेमात पडलेल्या उत्खननकर्त्यांना अशा थंड मोजमापाची गरज असतेच.

तरीही हा मुद्दा जेवढा सिद्ध करतो असे वाटते तेवढा तो सिद्ध करत नाही, असे माझे मत आहे. पहिली गोष्ट तुलनेची. दख्खनच्या ताम्रपाषाणयुगीन तांब्याचे नमुने मुळातच थोडे आणि लहान आहेत, आणि ‘इतरत्र आढळले नाही’ हे विधान नमुन्यांच्या संख्येइतकेच वजनदार असते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आर्सेनिकची मिसळ दख्खनच्या स्थानिक ताम्रपाषाणयुगात नसली, तरी हडप्पा जगात ती आहे; मोहेंजोदडो आणि हडप्पा येथील विश्लेषण झालेल्या वस्तूंपैकी काहींमध्ये आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि गंगा-यमुना दुआबातल्या ताम्रनिधींतल्या (तांब्याच्या पुरलेल्या साठ्यांतल्या) कितीतरी वस्तूंतही ते आहे. म्हणजे आर्सेनिक सांगते ते एवढेच की हा धातू जोर्वे किंवा माळवा काळच्या स्थानिक ओताऱ्याच्या नेहमीच्या साठ्यातला नाही. तो उत्तरेकडून आलेला असेल, किंवा पुढच्या काळातला असेल. या दोनांतला पहिला पर्याय उत्तर हडप्पा मताला बाधत नाही, उलट त्याच्या बाजूने जातो; दायमाबादच्या माणसाने साठ किलो तांबे घरी ओतले असेल यावर विश्वास ठेवण्यापेक्षा ते तयार शिल्पांच्या रूपात बाहेरून आले असेल हे मानणे सोपे आहे.

तर्क उलट्या बाजूने लावला तरी अडचण येते. शिल्पे ऐतिहासिक काळातली मानायची तर त्या काळच्या दख्खनच्या धातुकामाशी त्यांचे जुळायला हवे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात ब्राँझच्या वस्तूंचा मोठा साठा मिळाला, त्यात रोमन बनावटीची पोसायडनची सुबक मूर्ती आणि स्वारांसह हत्तीही आहे. प्रवरेच्याच काठी, दायमाबादहून खालच्या अंगाला, नेवाशाला सातवाहन काळातली वस्ती आणि रोमन व्यापाराच्या खुणा उत्खननात मिळाल्या आहेत. म्हणजे त्या काळी या भागात धातूची मोठी शिल्पे घडवणे किंवा आणणे अशक्य नव्हते. पण त्या काळच्या सातवाहन नाण्यांत शिसे आणि पोटिन (तांबे, कथील आणि शिसे यांची मिसळ) यांची रेलचेल दिसते, आणि दायमाबादच्या हत्तीची ब्रह्मपुरीच्या हत्तीशी शैलीत भावंडे शोभावीत एवढी ओळख नाही. शैली हा कच्चा पुरावा आहे, हे मान्य. पण तो एका बाजूला कच्चा आणि दुसऱ्या बाजूला पक्का होत नाही.

शैलीचे तेच हत्यार हडप्पा मतावरही चालवून पाहिले पाहिजे, आणि तिथेही ते बोथट होते. हडप्पा जगातले धातुशिल्प आकाराने लहान असते. मोहेंजोदडोची सुप्रसिद्ध ‘नर्तकी’ जेमतेम साडेदहा सेंटिमीटर उंच आहे. तिच्या शेजारी दायमाबादचा रेडा ठेवला तर तो तिच्या जवळपास तिप्पट उंच भरेल. वजनाचा विचार केला तर तुलनाच संपते. हडप्पा संस्कृतीने आपल्या सर्वांत मोठ्या नगरांत जे केले नाही, ते तिच्या अगदी दक्षिणेकडच्या टोकाला, तिच्या उतरत्या काळात, एका मध्यम वस्तीत झाले असे मानावे लागते. अशक्य नाही, परिघावरच्या लोकांनी केंद्रापेक्षा मोठी मूर्ती घडवल्याची उदाहरणे धर्माच्या इतिहासात भरपूर आहेत. पण हे गृहीत आहे आणि त्याला गृहीतच म्हणावे.

मग विज्ञानाने वेळीच निकाल का लावला नाही, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. धातूचे वय थेट मोजता येत नाही. किरणोत्सारी कार्बनने मोजायला सेंद्रिय पदार्थ लागतो. तांब्यात तो नसतो. पोकळ ओतकाम असते तर आतला भाजलेला मातीचा गाभा उष्मादीप्तीच्या (तापवल्यावर माती सोडते तो मंद प्रकाश मोजण्याच्या) पद्धतीने तपासता आला असता, आणि तो गाभा शेवटचा केव्हा तापला होता हे कळले असते. दायमाबादची शिल्पे भरीव आहेत. एवढे तांबे खर्चून भरीव ओतण्याच्या ज्या ऐश्वर्याने आपण थक्क होतो, तेच ऐश्वर्य कालमापनाच्या आड येते. उरते ते शिशाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण, ज्यावरून तांबे कोणत्या खाणींतले असावे याचा अंदाज बांधता येतो. राजस्थानातल्या खेत्रीच्या पट्ट्यातले निघाले तर एक अर्थ, आणखी कुठले निघाले तर दुसरा. त्यातून वय कळत नाही, पण वाट कळते.

प्रदर्शनाच्या बाजूने पाहिले तर हे प्रकरण अवघड आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादच्या ब्राँझसमोर उभे राहणाऱ्या शाळकरी मुलाला एक तारीख हवी असते, आणि देणे भाग असते. अमेरिकेतल्या गेटी संग्रहालयाने एका ग्रीक तरुणाच्या संगमरवरी पुतळ्यापुढे, ‘ग्रीक, सुमारे इ.स.पू. ५३०, किंवा आधुनिक बनावट’ अशी पाटी लावली होती. आपल्याकडे तशी पाटी लावण्याची सवय नाही, आणि या प्रकरणात बनावटीचा प्रश्नही नाही. पण ‘उत्तर हडप्पा’ या दोन शब्दांपुढे ‘बहुमत’ हा तिसरा शब्द लिहायला जागा आहे. लोकप्रिय पुस्तकांत आणि भाषणांत शिल्पे निःशंकपणे हडप्पाकालीन होऊन बसली आहेत, आणि अगरवाल यांच्या विश्लेषणाचा उल्लेख झालाच तर तळटीपेत होतो. मला स्वतःला पुराव्याचे पारडे उत्तर हडप्पाकडे झुकलेले दिसते. पण ते झुकले आहे ते स्थळाच्या आणि विषयांच्या साक्षीने. खड्ड्याच्या साक्षीने नव्हे.

या सगळ्या चर्चेत एक लहान गोष्ट मला मोठी वाटते, आणि ती म्हणजे हत्तीची हरवलेली चाके. चार वस्तूंपैकी तीन सचक्र आणि एक लंगडी अशी ती पुरली गेली असेल, तर पुरणाऱ्याच्या दृष्टीने त्या पूजेच्या अखंड मूर्ती असतील हे सांगणे कठीण होते. मोडक्या देवाचे विसर्जन करतात तसे ते असू शकते, किंवा एखाद्या ओताऱ्याने वितळवण्यासाठी जमवलेले जुने तांबेही असू शकते. दायमाबादला तांबे गाळण्याच्या भट्टीचा भाग आणि तांबटाचे घर दोन्ही मिळाले आहे. ओताऱ्याच्या हाती येणारे जुने तांबे एकदा घडलेले असते आणि पुरले जाते ते पुष्कळ नंतर. घडवण्याचे वय आणि पुरण्याचे वय एकच असते असे या वादातल्या दोन्ही बाजूंनी न बोलता गृहीत धरलेले दिसते. शिल्पे हडप्पा परंपरेत ओतली गेली आणि मग पिढ्यान्‌पिढ्या जपत, फिरवत, मोडत एखाद्या नंतरच्या माणसाने त्या पांढरीत पुरली असतील, तर साळींचे म्हणणे आणि अगरवाल यांची शंका या दोहोंना एकाच खड्ड्यात जागा होते. हत्तीची चाके जिथे आजही असतील, तिथली माती अजून कोणी चाळलेली नाही.